राष्ट्रीय अकादमीचं काम कोल्हापुरातून कसं करायचं: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

डिसेंबरात साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची यादी आली की कोल्हापुरात दोन दिवस गलका असतो. २०२१चे किरण गुरव, २०२३चे कृष्णात खोत. आपल्या जिल्ह्यातलं नाव लागलं की वर्षभरात ज्यांनी एक पुस्तक उघडलेलं नसतं तेही ‘आपला माणूस’ म्हणून स्टेटस ठेवतात. तिसऱ्या दिवशी अकादमी पुन्हा दिल्लीला जाते ती पुढच्या डिसेंबरापर्यंत.

मधल्या दिवसांत ही संस्था काय करते आणि त्यातलं आपल्या पदरात काय पडू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. आजोळ गडहिंग्लजच्या पलीकडचं, आज्जी कन्नड बोलणारी, त्यामुळे कन्नडमधून मराठीत अनुवाद करायची खोड लागली. चार वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी तीन अर्ज केले. दोन फसले, एक लागला. फसलेल्या दोहोंत माझी अक्कल कमी पडली आणि कागदही कमी पडले. तुमचे पडू नयेत म्हणून हे लिहितोय.

१. आधी दार ओळखा

आपण सरसकट सगळ्यांना ‘अकादमी’ म्हणतो. प्रत्यक्षात मानव्यविद्यांसाठी केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या, पण कारभार स्वतः बघणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. एकीच्या दारात दुसरीचा अर्ज नेलात तर कुणी तुम्हाला योग्य दारापर्यंत पोचवत नाही.

साहित्य अकादमीचं उद्घाटन १२ मार्च १९५४ला झालं, पहिले अध्यक्ष पंडित नेहरू. तिचं काम चोवीस भाषांत चालतं: राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी. संगीत, नृत्य, नाटक यांच्यासाठी संगीत नाटक अकादमी, चित्र-शिल्पासाठी ललित कला अकादमी. या दोन्हीही त्याच सुमाराच्या, पन्नासच्या दशकातल्या.

संशोधनाचं खातं वेगळं. इतिहासासाठी भारतीय इतिहास अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएचआर, १९७२ची. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांच्यासाठी भारतीय सामाजिक विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, १९६९ची. तत्त्वज्ञानासाठी भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीपीआर. भाषाविज्ञान आणि भाषाशिक्षणासाठी मैसूरचं भारतीय भाषा संस्थान, ते मात्र थेट केंद्राच्या शिक्षण खात्याखाली. आणि शिमल्याला जुन्या व्हाइसरॉय-निवासात भारतीय उच्च अध्ययन संस्थान, जिथे जाऊन, राहून, शांतपणे लिहिता येतं.

माझा पहिला अर्ज इथेच मेला. विषय होता सीमाभागातल्या दोन भाषांत वावरणाऱ्या कथाकारांचा. माणसांचा अभ्यास म्हणजे समाजशास्त्र, असा सोपा हिशेब करून एका परिषदेकडे पाठवला. आठ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर: विषय आमच्या कक्षेत बसत नाही. त्यांचं बरोबरच होतं. माझ्या प्रस्तावात सर्वेक्षण नव्हतं, मुलाखती नव्हत्या. होत्या फक्त कथा.

म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझ्या टेबलावर काय पडलंय? कथा-कविता असतील तर साहित्य अकादमी. मोडी कागद असतील तर इतिहास परिषद. प्रश्नावल्या भरून घ्यायच्या असतील तर सामाजिक विज्ञान परिषद. विषयाच्या नावावरून ठरवू नका, हातातल्या सामग्रीवरून ठरवा.

राज्याचंही दार आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६०पासून काम करतंय, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. ज्यांचं पहिलं पुस्तक अजून यायचंय त्यांनी दिल्लीकडे बघायच्या आधी मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघावी. मराठीतून अर्ज, मराठीतून उत्तर.

सापळा: ‘राष्ट्रीय’, ‘अखिल भारतीय’, ‘अकादमी’ ही तीन नावं कुणीही पाटीवर रंगवू शकतो. प्रवेश शुल्क भरा, पुस्तकाच्या चार प्रती पाठवा, ट्रॉफी आणि शाल घेऊन जा, असे मेसेज वर्षाला पाच-सहा तरी येतात. साहित्य अकादमी पुरस्कारासाठी लेखकाकडून पैसे मागत नाही. पैसे मागितले की समजा, तो मंडपवाल्याचा खर्च तुम्ही भरताय.

आणि एक बारीक गोष्ट. संस्था स्वतःचं नाव देवनागरीत ‘अकादेमी’ असं लिहिते, आपण बोलताना ‘अकादमी’ म्हणतो. इंटरनेटवर शोधताना दोन्ही टाकून बघा, निम्म्या सूचना एकाच नावाने सापडत नाहीत.

२. पुरस्काराचं गणित समजून घ्या, मग बाजूला ठेवा

मुख्य पुरस्कार एक लाख रुपयांचा, सोबत ताम्रपट. या ताम्रपटाची रचना सत्यजित राय यांची. त्या वर्षाच्या लगतचं वर्ष सोडून त्याआधीच्या पाच वर्षांतली पुस्तकं विचारात घेतात, म्हणून ‘गेल्या महिन्यात आलेलं पुस्तक अकादमीला पाठवतो’ याला काही अर्थ नसतो. याद्या छाटत छाटत शेवटी तीन परीक्षकांपुढे जातं. तिथे आपल्या हातात काहीच नसतं, आणि फोन करून काही व्हावं अशी इच्छाही ठेवू नये.

आपल्या हातात येतात ते छोटे पुरस्कार. युवा पुरस्कार २०११पासून सुरू झाला. त्याला वयाची अट आहे, पुरस्कार-वर्षाच्या १ जानेवारीला पस्तीस किंवा कमी, आणि त्यासाठी पुस्तकं मागवणारी जाहिरात निघते. बालसाहित्याचा पुरस्कार २०१०पासून, अनुवादाचा १९८९पासून. हे तिन्ही पन्नास हजारांचे. कोल्हापूरच्या सोनाली नवांगुळ यांना तमिळ कादंबरीच्या मराठी अनुवादासाठी २०२०चा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्याची चर्चा मुख्य पुरस्काराच्या निम्मीही झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तमिळ बाईचं घर मराठीत उभं करणं हे काही कमी काम नव्हे.

आता जरा आडवाटेने बोलतो. अकादमी सरकारची की लेखकांची, हा वाद जुना आहे, आणि कोल्हापूरकराला तो फार लांबचा नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये इथे गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टात धारवाडला एम. एम. कलबुर्गींची हत्या झाली. कलबुर्गी अकादमीचे पुरस्कारप्राप्त लेखक. अकादमी गप्प का, म्हणून देशभरातल्या कित्येक लेखकांनी पुरस्कार परत केले. शेवटी ऑक्टोबरात अकादमीने निषेधाचा ठराव केला. माझं मत विचाराल तर ठराव उशिरा आला. तरी मी त्याच संस्थेच्या दारात अर्ज घेऊन गेलो, कारण कलबुर्गी ज्या वचनसाहित्यावर, म्हणजे बसवेश्वरांसारख्या शरणांच्या कन्नड वचनांवर, आयुष्यभर काम करत होते ते मराठीत आणायला बाजारातला कुठलाही प्रकाशक पैसे घालणार नाही. बाजार जिथे हात आखडतो तिथूनच अशा संस्थेचं काम सुरू होतं: जुन्या ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या, सूची, लेखकांवरच्या छोट्या पुस्तिका, एका भारतीय भाषेतून दुसरीत अनुवाद. धारवाड आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. तिथली कादंबरी राजारामपुरीतल्या वाचकाकडे यायला दिल्लीचा वळसा पडतो, ही गंमतच आहे, पण तो वळसा नसता तर ती आलीच नसती.

३. दिल्लीकडे जे नाही ते आपल्या गावात शोधा

नवखे लोक इथे घाई करतात आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. पुण्या-मुंबईतले, दिल्लीतले शेकडो अर्ज येतात. त्यांच्याकडे मोठी ग्रंथालयं आहेत, इंग्रजी चांगलं आहे. आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे करवीर संस्थानचं दप्तर आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय कोल्हापुरात आहे आणि संस्थानचे कागद तिथे आहेत, बरेचसे मोडीत. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२चा पन्नास टक्के जागांचा हुकूम सगळ्यांना पाठ असतो, पण तो ज्या करवीर सरकारच्या गॅझेटात छापला त्या गॅझेटाचे बाकीचे अंक किती जणांनी चाळलेत? मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या १९१७च्या हुकमाभोवतीचा पत्रव्यवहार, देवस्थानांचे हिशेब, गवयांना दिलेल्या नेमणुका, असे विषय तिथे बसलेत माणसाची वाट बघत. पण मोडी हवी. मोडीचे वर्ग आणि परीक्षा पुराभिलेख विभाग वेळोवेळी घेतो. रोज तासभर सराव केलात तर चार-सहा महिन्यांत छापील गिरवणीवरून हस्ताक्षरावर येता. अर्जात ‘मोडी वाचता येते’ हे वाक्य लिहिता येणं म्हणजे निम्मी लढाई.

करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. जुनी मासिकं, जुन्या आवृत्त्या बघायला सभासद व्हा. शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय बाहेरच्या वाचकालाही ओळखपत्र आणि पत्र दाखवून वापरता येतं. जाण्याआधी नियम विचारून घ्या, ते बदलतात. विद्यापीठातच वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे. खांडेकरांना अकादमीचा पुरस्कार १९६०चा. त्यांच्यानंतर कोवाडचे रणजित देसाई १९६४, कागलचे आनंद यादव १९९०, मग राजन गवस २००१. एका जिल्ह्याच्या मानाने ही यादी लहान नाही, आणि यातल्या प्रत्येकावर कन्नडमध्ये, तेलुगूत किती लिहिलं गेलंय हा प्रश्न तसाच पडून आहे.

इतिहास-पुरातत्त्ववाल्यांना टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय माहीत असेलच, ब्रह्मपुरीच्या १९४५-४६च्या उत्खननातल्या वस्तू तिथे आहेत. रोमन समुद्रदेवतेची ती छोटी ब्राँझची मूर्ती मी शाळेच्या सहलीत बघितली होती. ती पंचगंगेच्या काठी कशी पोचली, हे विचारायला मला पंचवीस वर्षं लागली. संगीतवाल्यांसाठी देवल क्लब ही जुनी संगीतसंस्था आणि अल्लादियाखाँसाहेबांचं कोल्हापूर. गाणाऱ्यांची घरं अजून आहेत, आठवणी सांगणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होतायत. ज्यांना मौखिक इतिहास करायचाय त्यांनी अर्ज मंजूर होईपर्यंत थांबू नये. आजच रेकॉर्डर घेऊन जावं.

विषय ठरला की शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर त्याच विषयावर आधी कुणी पीएच.डी. केली आहे का ते बघा. केली असेल तर घाबरू नका, तिच्यात काय राहिलं ते लिहा. न बघता ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ असं मात्र लिहू नका. परीक्षक ते वाक्य रोज वाचतो.

४. दादरला एक चक्कर मारा

साहित्य अकादमीचं मुख्य कार्यालय दिल्लीला रवींद्र भवनात, पण मराठीचं काम मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयातून चालतं. ते दादर पूर्वेला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मार्गावर. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी दादरलाच उतरता. काम उरकून त्याच रात्री परत. मुक्कामाचा खर्च नाही.

जाताना तीन गोष्टी ठरवून जा. पहिली, पुस्तकं बघायची. लेखकांवरच्या छोट्या पुस्तिका आणि अनुवाद तिथे रास्त दरात मिळतात, आणि संस्था नेमकं काय छापते हे पुस्तकं हाताळल्याशिवाय कळत नाही. माझा समज होता की अकादमी कुणाचीही नवी कादंबरी छापते. कपाटासमोर दहा मिनिटं उभा राहिलो आणि समज गेला. दुसरी, कोणत्या कन्नड पुस्तकांचे मराठी अनुवाद होऊन गेलेत त्याची यादी. तिसरी, कार्यक्रम. अकादमी महाविद्यालयं आणि ग्रंथालयं यांच्याबरोबर कवी-कथाकारांचे कार्यक्रम, चर्चासत्रं घेते, खेड्यांत ‘ग्रामालोक’ घेते. तुमच्या गावचं वाचनालय चालतं असेल तर त्याच्या लेटरहेडवर एक नीट पत्र देऊन या. हॉल, पन्नास खुर्च्या आणि खरे वाचक एवढं असलं तरी विचार होतो.

पत्र देताना दुसरी प्रत बरोबर ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. हे मी तीनदा लिहिलं असतं, एकदाच लिहितोय.

५. कागदपत्रांची पिशवी

अर्ज कुठेही असो, हे कागद लागतातच. एका प्लास्टिकच्या फाइलीत मूळ, दुसरीत झेरॉक्स, आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन:

- आधार, पॅन, आणि बँक पासबुकाचं पहिलं पान. तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, एकीकडे नुसतं अक्षर असतं. पैसे तिथेच अडकतात.
- जन्मतारखेचा पुरावा. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र.
- पदवी-पदव्युत्तर प्रमाणपत्रं. पीएच.डी. चालू असेल तर नोंदणीचं पत्र. इतिहास परिषदेच्या कनिष्ठ शिष्यवृत्तीला ते नसेल तर पुढे जाताच येत नाही.
- आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यात. आपल्या सेतूतून सहसा मिळतो तो राज्याच्या नमुन्यातला. ओबीसींचं नॉन-क्रिमीलेअर तर हमखास चुकतं. तहसीलमध्ये अर्ज करतानाच ‘केंद्राच्या नोकरी-शिक्षणासाठी’ असं सांगा. दोन-तीन आठवडे धरा.
- नोकरीत असाल तर संस्थेचं ना-हरकत पत्र.
- छापलेल्या लेखांच्या प्रती, मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेसकट.
- दोन जाणकारांची शिफारसपत्रं, मागितली असतील तरच. मोठ्या नावापेक्षा तुमचं काम खरंच वाचलेला माणूस बरा.

६. प्रस्ताव लिहिताना

इथे चांगली माणसं मार खातात. मराठीत सुंदर लिहिणारे प्रस्तावात भाषण करतात. ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ हे पहिलं वाक्य असेल तर ते खोडा. दुसरंही बहुधा खोडावं लागेल.

विषय अरुंद करा. ‘कोल्हापूर संस्थानातील शिक्षण’ हा विषय नव्हे, ती आयुष्याची पेन्शन आहे. ‘करवीर सरकारच्या गॅझेटातले १९०२ ते १९२२ मधले शिक्षणविषयक हुकूम आणि त्यांची अंमलबजावणी’ हा विषय. यात कागद कोणता ते कळतं, काळ कळतो, आणि दोन वर्षांत संपेल का तेही कळतं. मग क्रमाने लिहा: प्रश्न काय, आधी कुणी काय केलं, मी कोणते कागद बघणार आणि ते कुठे आहेत, महिन्यावार काय करणार, शेवटी काय हातात देणार. खर्च मागितला असेल तर गडहिंग्लज एस.टी.चं भाडंसुद्धा खरं लिहा. गोल आकडे बघितले की तपासणाऱ्याला लगेच कळतं की हा घरी बसून लिहिलाय.

भाषेचं काय? परिषदांचे अर्ज बहुतेक इंग्रजी किंवा हिंदीत भरावे लागतात. लाजू नका. आधी मराठीत लिहा, मग साध्या इंग्रजीत आणा, मग इंग्रजीच्या एखाद्या सहकाऱ्याला दाखवा. उलटं केलंत, म्हणजे थेट इंग्रजीत विचार केलात, तर तुमचा विषय कुणाही दुसऱ्याचा वाटायला लागतो.

सापळा: टंक, म्हणजे फॉन्ट. कोल्हापुरातले डीटीपीवाले अजून सर्रास श्रीलिपीत टाइप करतात. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी कीटकनाशक मारल्यासारखी चिन्हं. माझ्या अनुवादाची पहिली दहा पानं अशीच गेली. ज्यांच्याकडे पाठवली त्यांनी सौजन्याने कळवलं, नाहीतर मी आजही वाट बघत असतो. युनिकोडमध्येच टाइप करून घ्या, आणि सोबत पीडीएफ जोडा.

७. अनुवादक असाल तर

ज्या भाषेत अनुवाद होणार त्या भाषेच्या बाजूला विचारणा करा. मी आधी कन्नडचं काम बघणाऱ्या बंगळूरच्या कार्यालयाला लिहिलं होतं. कन्नड पुस्तक म्हणजे कन्नडवाल्यांचा विषय, असं मला वाटलं. पण मराठीत काय आणायचं हे अकादमीचं मराठीचं सल्लागार मंडळ सुचवतं.

कोणतंही पुस्तक हाती घ्यायच्या आधी मूळ लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी कुणी आणायची ते विचारा. अकादमीने दिलेल्या कामात ते तिकडून बघितलं जातं, पण स्वतः प्रकाशक शोधणार असाल तर ती जबाबदारी तुमची. ‘त्यांनी फोनवर हो म्हटलं’ ही परवानगी नव्हे. आपल्याकडच्या एका अनुवादकाची तीनशे पानं अशी कपाटात पडून आहेत. लेखक वारले आणि मुलगा परदेशातून उत्तर देत नाही.

नमुना म्हणून दहा-पंधरा पानं द्या, आणि त्यात सोपी पानं निवडू नका. मी संवादांचं पान दिलं, ज्यात सासू हुबळीकडची कन्नड बोलते आणि सून सीमाभागातली. ती सून मी गडहिंग्लजच्या बोलीत आणली, सासू प्रमाण मराठीच्या जवळ ठेवली. तपासणाऱ्यांनी नेमक्या त्याच पानावर तीन प्रश्न काढले, आणि त्याच पानामुळे काम मिळालं. एका कन्नड लेखकावरची छोटी पुस्तिका, शंभरेक पानं. पैसे फार नसतात, हे आधीच सांगतो. अनुवाद पूर्ण झाल्यावर तज्ज्ञाकडे जातो, तो दुरुस्त्या सुचवतो, मग मानधन. कर कापून येऊ शकतं, म्हणून पॅन नीट.

तरुण लेखकांना दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात जाऊन यायला प्रवास-अनुदानही अकादमी देते. निपाणी-बेळगाव आपण वडापच्या जीपनेही जातो, त्यासाठी अनुदान नको. पण आसाम, मणिपूर, केरळ, जिथे आपलं कुणी नाही, तिथे जायचं असेल तर ही योजना बघाच.

८. ‘योग्य मार्गाने’

हे दोन शब्द अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात असतात. नोकरीत असलेल्याने अर्ज आपल्या संस्थेमार्फत, सही-शिक्क्यानिशी पाठवायचा, असा त्यांचा अर्थ. माझा दुसरा अर्ज याच दोन शब्दांवर गेला. मी ऑनलाइन भरला, छापील प्रत कार्यालयात दिली, आणि ती एका टेबलावर सव्वीस दिवस बसली. क्लार्क रजेवर, मग परीक्षा, मग गणपती. शेवटची तारीख गेल्यावर शिक्का मिळाला. दोष कुणाला देणार, मी रोज जाऊन विचारायला हवं होतं.

तेव्हा शेवटच्या तारखेआधी किमान महिनाभर प्रत द्या. ‘अग्रिम प्रत’ थेट पाठवायची सोय असेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावतीचा फोटो काढा, ती शाई दोन महिन्यांत उडते.

पीएच.डी. न केलेल्या, नोकरी नसलेल्या माणसाला काहीच नाही का? आहे. संस्कृती मंत्रालयाच्या वतीने सीसीआरटी ही संस्था कलावंत आणि संस्कृतीच्या अभ्यासकांना दोन वर्षांच्या अभ्यासवृत्ती देते: पंचवीस ते चाळीस वयाला कनिष्ठ, महिना दहा हजार, चाळिशीनंतर वरिष्ठ, महिना वीस हजार. शाहिरी, चित्रकथी, लोकवाद्यं अशा विषयांना तिथे जागा असते. आणि महाविद्यालयीन शिक्षकांसाठी शिमल्याची सहयोगी योजना: तीन वर्षांत दरवर्षी एक महिना तिकडे जाऊन काम करायचं. सुट्टीत बसते. प्रत्येक वर्षाची जाहिरात मात्र त्या त्या वर्षीच वाचा, गेल्या वर्षीची पीडीएफ फिरवणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका.

९. पैसे आल्यावर

माझ्या एका मैत्रिणीला अभिलेखागारात जाऊन कागद बघण्यासाठीचं छोटं अनुदान मिळालं. तिच्याकडून शिकलेलं: पहिल्या दिवसापासून वही. तारीख, कशासाठी, किती, पावती क्रमांक. झेरॉक्सवाल्याकडूनही बिल मागा, तो कुरकुरतो, तरी मागा. पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले हे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय पुढचा हप्ता निघत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर सनदी लेखापालाची सही लागते. मार्चमध्ये त्यांना वेळ नसतो, फेब्रुवारीतच गाठा.

१०. मुद्रितं

पुस्तक छपाईला जाण्याआधी मुद्रितं, म्हणजे तपासायची प्रुफं, येतात. ती स्वतः एकदा वाचा आणि मग ज्याने तो मजकूर कधीच बघितला नाही अशा माणसाला द्या. माझ्या पुस्तिकेची मुद्रितं मी तीनदा वाचली, सगळं ठीक वाटलं. मग धाकट्या मामाला दिली, तो गडहिंग्लजला हार्डवेअरचं दुकान चालवतो. संध्याकाळी त्याचा फोन: ‘‘काय रं, अठ्ठावीसाव्या पानावर आपल्या गावाचं नावच चुकीचं लिवलंयस की.’’ हस्तलिखितात काढून बघितलं. चूक माझीच होती, आणि ती तिन्ही वेळा मी बरोबर म्हणून वाचली होती.